स्कॉच चाखणं आणि मार्क देणं: परतवाड्याच्या वहीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परतवाड्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर काउंटरवर सोयाबीन न् तुरीचे प्रश्न, आणि शटर अर्धं खाली आलं की दुसरेच सुरू. चाखलेल्या प्रत्येक स्कॉचची नोंद मी एका लांबट खातेवहीत ठेवतो, हे गावात कळल्यापासून फोनवर तेच तेच विचारलं जातं. ते सगळं इथे एका जागी केलंय. मी या धंद्यातला नाही, पदरचे पैसे घालून शिकलेला हौशी माणूस आहे. एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. स्कॉच म्हणजे नेमकं काय? महागडी व्हिस्की म्हणजे स्कॉच का?

किमतीचा संबंध नाही. स्कॉटलंडमध्ये गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली व्हिस्की म्हणजे स्कॉच. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही, आणि पाणी व साधा कॅरमेल रंग सोडून त्यात काही घालता येत नाही. तिथल्या २००९ च्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बनतात. युरोपात त्या 'व्हिस्की' या नावाने विकताच येत नाहीत. लेबलवर 'स्कॉच माल्टयुक्त' असं काही असेल तर थोडं स्कॉच आणि बाकी इथलं स्पिरिट, असं समजा. ती स्कॉच नाही.

२. सिंगल माल्ट आणि ब्लेंडेड यात फरक काय? ब्लेंडेड म्हणजे भेसळच ना?

भेसळ नाही हो. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीची (गाळणाऱ्या कारखान्याची), एकाच पिंपातली नव्हे. 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. एका डिस्टिलरीची, फक्त अशा बार्लीची, तांब्याच्या भट्टीत घाण्याघाण्याने गाळलेली, ती सिंगल माल्ट. मका किंवा गव्हापासून सलग चालणाऱ्या उंच यंत्रात काढतात ती ग्रेन व्हिस्की, आणि माल्ट व ग्रेन यांचा मेळ म्हणजे ब्लेंडेड. जगात खपणारी बहुतेक स्कॉच ब्लेंडेडच असते. गोडा मसाला कुटताना धणे किती न् दगडफूल किती, हे जिला कळतं तिला सुगरण म्हणतात. ब्लेंडरचं काम तसंच. माझ्या वहीत काही ब्लेंडेडना सिंगल माल्टपेक्षा जास्त मार्क आहेत.

३. भाऊ, बाटलीवर 'स्कॉच' बी लिवलं हाय आन् 'बॉटल्ड इन इंडिया' बी. मंग असली का नकली?

असली. तयार स्कॉच मोठ्या टाक्यांतून भारतात येते आणि इथे पाणी घालून बाटलीत भरतात. टीचर्स, व्हॅट ६९, ब्लॅक अँड व्हाइट अशाच मिळतात. आयात कर कमी बसतो म्हणून स्वस्त पडतात. एक अपवाद लक्षात ठेवा: नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. तेव्हा 'सिंगल माल्ट स्कॉच' आणि 'बॉटल्ड इन इंडिया' एकाच लेबलवर दिसलं तर बाटली परत द्या. इथलं ४२.८ टक्के हे विचित्र प्रमाण कुठून आलं असंही विचारतात. जुन्या ब्रिटिश मापात ७५ डिग्री प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के, बस.

४. पिणं आणि चाखणं यात फरक काय? एका वेळी किती घ्यायची?

चाखायला १५ मिली. म्हणजे ७५० च्या बाटलीत ५० नमुने. आम्ही चौघं वर्गणी काढून बाटली आणतो. एका रात्री जास्तीत जास्त तीन नमुने, आणि तिसऱ्याचे मार्क मी स्वतःच फारसे धरत नाही, कारण तोवर जीभ सुस्तावलेली आणि मन उदार झालेलं असतं. तोंडात फिरवून थुंकली तरी चव कळते. आमच्यातला एकजण औषधावर आहे, तो फक्त वास घेतो आणि त्याच्या नोंदी सगळ्यात नेमक्या असतात. गाडीची चावी ज्याच्या घरी बैठक त्याच्या फळीवर. यात आजवर कुणालाच सूट नाही.

५. तो ट्यूलिपसारखा ग्लास घ्यावाच लागतो का?

खाली फुगीर, वर निमुळता असा कुठलाही काचेचा ग्लास चालतो. वास कोंडला पाहिजे, एवढंच. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास त्यासाठीच बनवलाय. स्टीलचा ग्लास नको, त्याला स्वतःचा वास असतो. धुतल्यावर नुसत्या पाण्यात खळबळा, नाहीतर पहिली नोंद भांड्याच्या साबणाची होते.

६. पाणी टाकावं का? किती, आणि कोणतं?

टाकावं, पण आधी बिनपाण्याचा वास आणि एक घोट घेऊन झाल्यावर. पाण्याने व्हिस्की नुसती पातळ होत नाही, वास मोकळा होतो. धुराचा वास देणारं ग्वायाकॉल नावाचं एक संयुग आहे. कडक व्हिस्कीत ते आत दडून राहतं आणि पाणी घातलं की पृष्ठभागाकडे येतं. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर हे मांडून दाखवलं. ब्लेंडिंगवाले लोक तर वास घेताना २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात.

हिशेब सोपा आहे. ४३ टक्क्यांच्या १५ मिलीत साडेसहा मिली पाणी गेलं की ती ३० टक्क्यांवर येते. त्याखाली मी जात नाही. मापायला मेडिकलमधली बिनसुईची नवी सिरिंज ठेवा. थेंबाथेंबाने वाढवा. काढून घेता येत नाही.

कोणतं पाणी, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. आमचा एक मित्र दर्यापूरचा, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. त्याच्या घरी चाखलेल्या तिन्ही व्हिस्कींवर माझ्या वहीत 'शेवटी खारट' लिहिलंय. मी तर एकीला 'समुद्राचा स्पर्श' म्हणून दोन मार्क वाढवून दिले होते. तो स्पर्श त्याच्या बोअरचा होता. तेव्हापासून कमी क्षारांचं फिल्टरचं पाणी बाटलीत भरून सोबत नेतो. ब्लिचिंग टाकलेल्या दिवशी नळाचं पाणी तर अजिबात नको.

७. बर्फ, सोडा, कोल्ड्रिंक?

पिताना तुमची मर्जी, मेमध्ये मीही सोडा घेतो. मार्क देताना नको. थंडीने वास मिटतो, आणि कोल्ड्रिंकमध्ये मार्क कोल्ड्रिंकलाच मिळतात.

८. मले तं निस्ता दारूचाच वास येते. तुमाले सफरचंद न् व्हॅनिला कुठून येते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. चुका दोन होत्या.

पहिली नाकाची. मी मोगऱ्यासारखं नाक ग्लासात खुपसून जोरात ओढायचो. अल्कोहोलने नाक बधिर होतं आणि पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळू वर आणा. वास यायला लागला की तिथेच थांबा. मध्ये आपल्याच मनगटाचा वास घेतला की नाक परत जाग्यावर येतं.

दुसरी शब्दांची. इंग्रजीत 'गूजबेरी', 'हेदर', 'मार्मलेड' वाचून मी तेच शोधत बसायचो. जे आयुष्यात हुंगलंच नाही ते सापडणार कसं? एकदा ग्लास हातात घेऊन तसाच बसलो होतो. बायको पीत नाही, पण जाता जाता वाकून तिने वास घेतला आणि म्हणाली, "जवसाच्या तेलाचा डबा उघडला का?" झटकन सापडलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्या व्हिस्कीबद्दल तिकडचे लोकही जवसाचं तेल आणि मेणच लिहितात. त्यांनी क्रिकेटच्या बॅटला लावताना हुंगलं असेल, आपण चटणीवर घेताना.

तेव्हापासून वहीत घरचेच वास असतात. शेरी (स्पेनची कडक वाइन) मुरलेल्या पिंपातली व्हिस्की मला मार्च-एप्रिलमध्ये अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांसारखी लागते, तोच मनुकांचा जड गोडवा. कोवळ्या, फारशा न मुरलेल्या माल्टमध्ये भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास असतो. फळांचा वास देणारी एस्टर नावाची संयुगं आंबवताना यीस्ट तयार करतं, आणि ती वाढली की पिकून फुटलेलं कवठ आठवतं. व्हॅनिला आणि ओलं खोबरं ही लाकडाची देणगी. अमेरिकेत बर्बन भरायला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. त्यात बर्बन पुन्हा भरता येत नाही म्हणून ती वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि सोबत हे वास नेतात. आणि संत्रं तर आपल्याला कुणी शिकवायला नकोच. फक्त लिहिताना नीट लिहा: साल, फोड, की टोपलीच्या तळाशी नरम पडलेलं? तिन्ही वेगळे आहेत.

९. एका महागड्या बाटलीला चक्क टिंचरचा वास आला. खराब झाली होती का?

नाही, ती स्कॉटलंडच्या आयला बेटाची किंवा त्या धाटणीची असणार. तिथे बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा थर, कापून वाळवला की ढेकळासारखा जळतो. त्याच्या धुरातली फिनॉलं बार्लीला चिकटतात, म्हणून लाफ्रोएग, आर्डबेग, लागावुलिन या तिथल्या व्हिस्कींना दवाखान्याचा, टिंचरचा, डांबराचा वास येतो. लेबलवर किंवा गप्पांत येणारा 'पीपीएम' (दहा लाख भागांत फिनॉल किती) हा आकडा सहसा वाळवलेल्या बार्लीतला असतो, बाटलीतला नव्हे. गाळताना आणि मुरताना तो बराच उतरतो.

धूर-धूर मध्येही फरक करा. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा धूर वेगळा, पऱ्हाट्या पेटवल्याचा वेगळा, विझलेल्या होळीत दुसऱ्या दिवशी सकाळी येतो तो थंड राखेचा तिसराच. ज्याने शेतात रोडगे खाल्लेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही. पहिल्या भेटीत आवडली नाही तर बाटली विकू नका, सहा महिन्यांनी परत घ्या. मी तेच केलं आणि ६८ चे ८८ झाले.

१०. चखना काय ठेवावा? मी खर्रा खातो, चालते का?

मार्क देऊन होईस्तोवर चखना नाही. साधं पाणी आणि फारतर बिनमिठाचे मुरमुरे. सावजी मटण नंतर. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलचा जाळ तोंडाला एकसारखाच लागतो, मग व्हिस्की तिखट होती की रस्सा हे कोण सांगणार?

खर्रा मात्र नाही म्हणजे नाही. सुपारी न् तंबाखूने तोंड तासन् तास बधिर राहतं, शिवाय चुन्याची चव जात नाही. दोन गोष्टींपैकी सोडायची कोणती असं विचाराल तर खर्रा आधी. फवारणी केलेल्या दिवशी आणि सर्दीतही वही बंद ठेवा.

११. मार्क देता कसे? शंभरपैकी म्हणजे नेमकं काय?

माझी वाटणी अशी: वास ३०, चव ३०, शेवट २०, आणि 'पुन्हा घ्यावीशी वाटते का' याला २०. शेवट म्हणजे गिळल्यावर तोंडात मागे काय राहतं, किती वेळ राहतं. काहीजण चारही भागांना २५-२५ देतात. तेही चालतं, फक्त मध्येच पद्धत बदलू नका.

नावाला शंभर असले तरी खरा खेळ ७० ते ९५ मध्येच असतो. सत्तरच्या खालची सोड्यात जाते. पंचाहत्तरच्या आसपास म्हणजे तक्रार नाही, कौतुकही नाही. ऐंशी ओलांडली की मित्राला सांगाविशी वाटते. पंचाऐंशीच्या वर असेल तर बाटली संपल्यावर दुसरी आणतो. नव्वदच्या वर माझ्या वहीत आजवर सहाच आहेत. पहिल्याच महिन्यात तुम्ही तीन-चार नव्वद वाटले असतील तर पुढे जागाच उरणार नाही, बाराव्या गड्याला कुठे बसवाल?

दोन नियम फार कामाचे. एक, एका बैठकीचे मार्क पेन्सिलने. बाटली नुकती उघडल्यावर, अर्धी झाल्यावर आणि तळाला आल्यावर असे तीनदा चाखून मगच शाईने. दोन, झाकून चाखा. बायको किंवा पोरगा आत ओततो, ग्लासाखाली नंबरची चिठ्ठी. मी एका बाटलीला लेबल बघून ९१ दिले होते. महिन्याभराने झाकून तीच समोर आली आणि मी ७८ दिले, वर 'लाकूड फार, शेवट कडू' असा शेरा. दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर आहेत, खोडल्या नाहीत. ते १३ मार्क डब्याचे होते.

किमतीचे मार्क यात मिसळू नका. वेगळ्या रकान्यात 'पैसे वसूल: हो / नाही' लिहा.

१२. तुम्ही ८७ दिले म्हणून आणली, आवडली नाही. आता?

आता ती मला विका. मस्करी सोडा, माझे मार्क माझ्या जिभेचे आहेत. मला मोह आणि जवस आवडतात, तुम्हाला लिंबाची साल आवडत असेल. दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा त्याची नोंद वाचा. आणि तुम्हाला आवडलेल्या पाच बाटल्यांना तो काय म्हणतो ते आधी बघा.

१३. जास्त वर्षांची म्हणजे चांगली ना?

लेबलवरचा आकडा आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो, गुणवत्ता नाही. थकलेल्या पिंपात १८ वर्षं पडलेली व्हिस्की चांगल्या पिंपातल्या १० वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडते. दर वर्षी सुमारे २ टक्के पिंपातून उडून जाते, तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. भारतातल्या उन्हात हा वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो, म्हणून इथल्या सिंगल माल्ट कमी वर्षांत तयार होतात. अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोतच विकायला काढली होती.

अपवाद: आजोबांनी १९९० मध्ये आणलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच. काचेत वय वाढत नाही. आणि व्हॅट ६९ मधला ६९ म्हणजे वर्षं नव्हेत, हे मला दरवर्षी एकदा तरी सांगावं लागतं.

१४. रंग गडद म्हणजे जास्त मुरलेली?

रंगावरून काहीच धरू नका, कॅरमेल चालतो (प्र. १). जर्मनीत रंग घातल्याचं लेबलवर लिहावं लागतं. मी रंगाला एकही मार्क देत नाही.

१५. आमच्याकडे मेमध्ये ४५ डिग्री. बाटली कुठे ठेवावी, आणि चाखावी कधी?

उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. कडक अल्कोहोल बुचाला खातं. खिडकीत, टीनाच्या छपराखालच्या खोलीत, गाडीच्या डिकीत नको. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट उत्तम. फ्रिजची गरज नाही. एका मेमध्ये माझ्या बाटलीचं बूच अर्ध्यात तुटलं, व्हिस्की चहाच्या गाळणीतून गाळावी लागली. तेव्हापासून जुनी, धुतलेली बुचं जपून ठेवतो.

चाखताना व्हिस्की २० डिग्रीच्या आसपास असावी. ३८ डिग्रीच्या खोलीत नुसती वाफ नाकात जाते. छोट्या बाटलीत नमुना काढून माठाखालच्या ओल्या वाळूत वीस मिनिटं ठेवा. कूलर मात्र बंद करा. एका उन्हाळ्यात मी लागोपाठ तीन व्हिस्कींपुढे 'ओलं गवत, माती' लिहिलं आणि खुश झालो. सकाळी लक्षात आलं, आदल्या दिवशी कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली होती. जमलं तर चिखलदऱ्याला एक रात्र काढा. उन्हाळ्यातही तिथे संध्याकाळी हवा उतरते आणि नाक धड चालतं.

१६. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

नासत नाही, पण आत हवा जितकी जास्त तितकी चव लवकर सपाट होते. अर्ध्यावर आली की चार-सहा महिन्यांत संपवा, किंवा छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. धुराच्या व्हिस्कीचा धूर आधी उतरतो.

१७. पाणी टाकल्यावर गढूळ झाली. डुप्लिकेट?

उलट बरं लक्षण असू शकतं. थंड करून गाळली नाही की तेलकट घटक आत राहतात आणि पाण्याने किंवा थंडीने धूसर दिसतात. बहुधा अशा बाटल्या ४६ टक्के किंवा जास्त कडक असतात. डुप्लिकेट ओळखायची ती पुढच्या प्रश्नाप्रमाणे.

१८. मंग डुप्लिकेट ओळखाची कशी? आन् फौजीकडची स्वस्त भेटते ते?

परवाना असलेल्या दुकानातून बिल घेऊन आणा, झाकणावरचं एक्साइजचं लेबल शाबूत आहे का आणि पातळी मानेपर्यंत आहे का ते बघा. नकली मालाची सुरुवात बहुतेक वेळा रिकाम्या असली बाटलीपासून होते. भंगारवाला स्कॉचच्या बाटलीला आणि खोक्याला जास्त पैसे का देतो, विचार करा. मी लेबल खरवडूनच बाटली टाकतो. कँटीनचा कोटा जवानांसाठी असतो, तो बाहेर विकणं आणि विकत घेणं दोन्ही बेकायदा.

१९. परवाना लागतो का? वर्ध्याला साडूकडे नेता येईल का?

महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे मिळतात. वर्ध्याला नेऊ नका. तो जिल्हा १९७५ पासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दोन वाचक नेहमी विचारतात म्हणून स्पष्ट लिहितो: नमुन्याची छोटी बाटलीही नाही. साडूला इकडे बोलवा.

२०. नावं कशी उच्चारायची? दुकानात लाज वाटते.

बेट 'आयला', 'इस्ले' नाही. ग्लेन गॅरिओक असं दिसतं ते 'ग्लेन गीरी'. ग्लेनमोरांजीत जोर 'रां'वर नाही, 'मॉ'वर द्या, 'ऑरेंज'ला 'ई' लावल्यासारखं. नागपूरकरांना सोपं जाईल. नाहीच जमलं तर बोट दाखवा, मी पाच वर्षं तेच केलं.

२१. मोहाच्या दारूले असे मार्क देता येतात का?

वास घ्यायची रीत तीच. पण ती मुरवलेली नसते, तेव्हा स्कॉचच्या रांगेत बसवणं दोघींवर अन्याय. आणि कुणी नाल्यात गाळलेली मी चाखत नाही. त्यात काय उतरलं हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि मिथेनॉलने डोळे जातात.

२२. वहीतली एक नोंद जशीच्या तशी द्याल का?

घ्या. प्र. ८ मधला जवसाचा डबा तो हाच.

'क्लाइनलीश, १४ वर्षं, ४६ टक्के. भाच्याने विमानतळावरून आणली. माघ महिना, रात्री नऊ, गच्ची, वारा नाही. बिनपाण्याची: मेणबत्ती विझवल्यावर येतो तो वास. (सौ.: जवसाच्या तेलाचा डबा. बरोबर.) मागे संत्र्याची साल, वाळलेली. पाणी ४ मिली: मध, पण पातळ, जुना. जिभेवर तुपासारखी चढते. थोडं मीठ, पाणी फिल्टरचंच आहे, तपासलं. शेवट लांब, मिरी. शेजारच्याने पऱ्हाट्या पेटवल्या, पुढचं धरू नये. वास २७, चव २६, शेवट १७, पुन्हा १९. एकूण ८९, पेन्सिलने.'